डब्यावरची बाई

(मावळातलं बेडसं गाव. लग्नघरची पडवी, वैशाखातली सकाळ. चुलीवर पाणी ठेवलेलं, शेजारी विलायती शेवयांचे पत्र्याचे डबे.)

बजरंग : डोळ्याला लाव अन् बघ, काकी. आरपार दिसतंय का न्हाई?

विठाबाई : दिसतंय की. आंबा दिसतोय, आंब्याखालची म्हैस दिसतीया. एवढ्याशा शेवईत एवढं सरळ भोक पाडलं कसं असंल, बजरंगा?

कस्तुराबाई : तू नळी डोळ्याला लावून बस अन् हा माझा लेक तुला दाखवत बसू दे. तुझ्या ठकूचं लग्न तोंडावर आलंय. आधण आलं का बघा आधी.

बजरंग : न्हाई आलं अजून, आये. सांगतो काकी. मी कामाला हाय त्या तुंगार्लीच्या बंगल्यात गोव्याचा खानसामा हाय ना, त्याला मी हेच इचारलं. तो म्हणतो, पितळंचा साचा असतो. साच्याला भोकं, अन् दर भोकाच्या मधोमध एकेक खिळा. वरनं कणीक दाबली की ती खिळ्याच्या भवतीनं खाली उतरती. खिळ्याएवढी पोकळी ऱ्हाती.

विठाबाई : मला वाटलं, काडीवर घालत असतील. हिराच्या काडीवर कणकंची वेटोळी घालायची, जरा सुकली की काडी ओढून घ्यायची. अशीच नळी ऱ्हाईल बग.

कस्तुराबाई : एकेक काडीवर घालत बसलीस तर व्याह्यांची पंगत दिवाळीला उठंल.

विठाबाई : पंगतीसाठी न्हाई म्हणत, आक्का. कसं केलं असंल ते बघत हुते. पर पोकळ कशापायी करायची? भरीव बरी न्हवं का?

बजरंग : रस आत शिरतो म्हणं. बंगल्यातली माणसं ह्यात मीठ घालत्यात, वर वास मारणारं खरवसासारखं काहीतरी किसून घालत्यात, अन् काट्यानं खात्यात. गूळ न्हाई, दूध न्हाई.

कस्तुराबाई : शेवईत मीठ? अन् हे मी व्याह्यांच्या पानात वाढणार.

बजरंग : आपुन गुळवणीच घालायची ना. पोकळीत गुळवणी शिरंल. पर एवढं मोल द्यायला नगं हुतं, आये. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. ह्या डब्यांच्या पैशात घरच्या शेवयांनी मांडव भरला असता.

कस्तुराबाई : पैशाचं मला सांगू नगंस. गव्हाची ददात न्हाई घरात. दुखणं कशाचं हाय ते तुझ्या काकीला ठावं हाय.

विठाबाई : व्हय. मला ठावं हाय.

बजरंग : मला न्हाई ठावं. लोणावळ्याच्या बाजारातनं डबे आण म्हणालीस, म्या आणले. मानाच्या पंगतीपुरते हायेत, दुकानात जास्ती नव्हतेच. वाटंत कामशेतपातुर इचार करत आलो, की घरात विठाकाकी असताना आमच्या आयेला ही बाजारची शेवई कशाला लागती? काकीची शेवई मागायला पवनेच्या पल्याडनं बाया यायच्या.

कस्तुराबाई : यायच्या. तुझा चुलता हुता तवा यायच्या.

बजरंग : मग आता काय, हात बदलला का तिचा?

कस्तुराबाई : सुपारी फोडली त्या दिशी तू हितं नव्हतास, बजरंगा. नवऱ्या मुलाची आत्या आलती, नवलाख उंबरे गावची सरुबाई. चार बायांत बसून इचारलं तिनं, मांडवातल्या शेवया कुणाच्या हातच्या? मी म्हणलं, ठकूच्या आईच्या, आणि कुणाच्या? तर म्हणाली, रांडावंच्या हातची शेवई आमच्या पोराच्या पानात नगं. लग्नाचा पयला घास हाय तो.

बजरंग : अन् तू ऐकून घेतलंस?

कस्तुराबाई : मग काय करू? उठवून लावू? पोरीची आई दाराआड उभी हुती. मला तिची सावली दिसत हुती भिताडावर. सरुबाईला मी चहा दिला अन् बरं म्हणलं.

विठाबाई : तुमी दुसरं काय म्हणणार हुता? मी बी तुमच्या जागी तेच म्हणले असते.

बजरंग : एक सोपं हाय. काकीनं करायच्या अन् सांगायचं, आयेनं केल्या.

कस्तुराबाई : माझी शेवई म्हंजे सुतळी. साऱ्या गावाला ठावं हाय. अन् हिची शेवई आंधळा सुदीक बोटानं वळखंल. केसासारखी बारीक, अन् शेवटाला ती मुरड घालती ना, येणीच्या टोकासारखी, ती दुसऱ्या कुणाच्या हाताला येत न्हाई. सरुबाईनं सवताच्या लेकीच्या लग्नात नेलत्या हिच्या शेवया. ती न्हाई वळखणार?

विठाबाई : मुरड न घालता बी करता येतील. म्या करून बघितलं. हात आपसूक जातो.

कस्तुराबाई : कवा करून बघितलंस?

विठाबाई : मनात, आक्का. शेवयाचा पाट तर माळ्यावर पडलाय.

बजरंग : आधण आलं. किती टाकू?

कस्तुराबाई : मूठभर टाक. आधी शिजवून बघू. पंगतीत बसलेल्या माणसांपुढं फजिती नगं. अन् तो डबा नीट झाकून ठेव, मुंग्या लागतील.

बजरंग : ह्यो बघ झाकला. आँ? आये, हे काय? डब्यावर लाल काय लागलंय?

कस्तुराबाई : कुंकू हाय.

बजरंग : ह्या चित्रातल्या बाईच्या कपाळाला? सगळ्या डब्यांवर लावलंस?

कस्तुराबाई : लग्नाच्या घरात आलेल्या जिनसाला हळदकुंकू लावत्यात. बस्त्याला लावलं, नव्या घागरीला लावलं, तसं ह्याला लावलं. अन् ती बाई बघ की कशी काढलीया. काळं नेसलीया, गळा भुंडा, हातात बांगडी न्हाई, कपाळ उघडं. लग्नघरात तसलं कपाळ सारखं समोर दिसायला लागलं, माझा जीव लागंना. म्हणून टिकली लावली.

विठाबाई : बरं केलंत.

बजरंग : परमुलखातली हाय ती, तितल्या बाया कुंकू लावतच न्हाईत, आये. सवाशीण असली तरी कपाळ तसंच.

विठाबाई : मग वळखत्यात कसं?

बजरंग : काय वळखत्यात?

विठाबाई : कुणाचा धनी हाय अन् कुणाचा न्हाई ते.

बजरंग : ते न्हाई बा ठावं. म्या खानसाम्याला इचारलं न्हाई.

विठाबाई : इचार एकदा. इकडं आण तो डबा, बघू मला. हिच्या कवळीत गव्हाच्या लोंब्या हायेत व्हय? चांगला गहू दिसतोय. आपल्या हितं मावळात असला कुटं येतोय, भाताचा मुलूख आपला. कुटल्या गावची असंल ही?

बजरंग : इटली म्हणून मुलूख हाय. दर्याच्या पल्याड. खानसामा पूर्वी बोटीवर कामाला हुता, त्यानं डोळ्यानं बघितलंय. त्या गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी काठ्या बांधल्यात अन् काठ्यांवर शेवया वाळत घातल्यात. लांबच्या लांब. माणसं खालनं वाकून जात्यात.

विठाबाई : काठ्यांवर? आपल्यासारख्या?

बजरंग : अगदी आपल्यासारख्या.

विठाबाई : ऐकलंत का आक्का? घरोघरी मातीच्या चुली. म्या म्हणलं, साता समिंदरापल्याड काय निराळं करत असतील, तर तितं बी काठीवर वाळवण. काठी तुरीची असंल का आणखी कसली? अन् राखण कोण करतं? कावळे असतील ना तितं?

बजरंग : असतील की.

कस्तुराबाई : साचा हाय म्हणालास ना आत्ता? म्हंजे यंत्रानंच करत असतील. मग काठीवर घालायला माणसं कुटनं आली?

बजरंग : यंत्र दाबायचं काम करतं. कणीक मळायला, काठीवर झेलायला, उलथायला, डब्यात भरायला माणूस लागतंच की. बायाच असत्यात म्हणाला.

कस्तुराबाई : म्हंजे ह्याला हात लागलाय.

बजरंग : हात लागल्याबिगर शेवई व्हती का, आये?

कस्तुराबाई : मी समजून हुते, ह्याला कुणाचाच हात न्हाई. म्हणून तर मागवलं. सवाशिणीचा न्हाई, पांढऱ्या कपाळाच्या बाईचा न्हाई, कुणाचाच न्हाई. मग बोलायला कुणाला जागाच न्हाई.

विठाबाई : असू द्या. लांबचा हात हाय. लांबच्या हाताचं काय कळतंय कुणाला?

बजरंग : शिजलं बघ. लय फुगलं की. बोटाएवढाल्या नळ्या झाल्या.

कस्तुराबाई : अगं बाई. आळ्या दिसत्यात नुसत्या.

बजरंग : नावं ठेवू नगंस, आधी खा. काकी, गुळवणी घाल वरनं. तूप बी घाल थोडं. हां. खा आता, आये.

कस्तुराबाई : दे इकडं. एवढीशीच दे.

बजरंग : कशी हाय?

कस्तुराबाई : वाईट न्हाई. खरं बोलावं माणसानं. पचपचीत हाय, पर गूळ आत शिरतो खरा. चालंल. तू खा, विठे.

विठाबाई : म्या खाल्ली एक. दाताखाली गहू लागतोय. ताजा न्हाई, पर गहू चांगला हुता. मळणारीनं मळायला कसूर केलेली न्हाई. कणीक कमी मळली असती तर आधणात फुटली असती. हिच्या मनगटात ताकद असंल.

बजरंग : तू तर तिची वळखच काढायला लागलीस, काकी.

विठाबाई : कोण असंल, असं सारखं येतंय मनात. कुणासाठी करत असंल? सवताच्या घरासाठी करणारी बाई एवढं करत न्हाई. वरीसभराचं करून मोकळी व्हती. रोजच्या रोज करायचं, अन् दर्यापल्याडच्या लोकांना धाडायचं, म्हंजे पोटासाठी करत असणार. धनी मिळवता असला तर कशाला करंल?

बजरंग : तितं जर्मनच्या लढाईत लय माणूस मेलं म्हणतो खानसामा. गावंच्या गावं मोकळी झाली.

विठाबाई : आपल्या हितनं गेणू गेलता अन् माघारी आला न्हाई, त्याच लढाईत?

बजरंग : त्याच.

विठाबाई : मग तितं रांडावा बी लय झाल्या असतील. शेतं कोण करणार? पोरं तर हायेत. मग बसल्या असतील जाऊन शेवया मळायला. गेणूची नंदाबाई जाऊन बसली तशी.

कस्तुराबाई : नंदाबाई कुटं शेवया करत हुती?

विठाबाई : शेवया न्हाई. कामशेतच्या भाताच्या गिरणीत जायची की. तांदूळ पाखडायला. म्हातारी झाली तरी जायची. साऱ्या पेठंचा तांदूळ तिच्या सुपातनं गेलाय.

कस्तुराबाई : व्हय. जायची.

बजरंग : शिजलेलं थंड होतंय, आये. खा की.

कस्तुराबाई : थांब जरा. बजरंगा, तुझ्या लग्नाला तांदूळ कुटनं आणला हुता आपुन?

बजरंग : त्या साली आपलं भात पाण्यानं गेलतं. कामशेतच्या गिरणीतनं आणला. मीच गाडी घेऊन गेलतो आबांसंगं. का गं?

कस्तुराबाई : अक्षता त्याच तांदळाच्या केल्यात्या.

बजरंग : मग?

कस्तुराबाई : नंदाबाईच्या सुपातनं आलेल्या तांदळाच्या. मीच हळद लावून हातानं चोळल्या. अन् त्या दिशी नंदाबाई मांडवात आलती, तर तिला मी मागं बसवली, सोप्याच्या कोपऱ्यात. अक्षता वाटत वाटत तिच्यापातुर आले अन् पुढं गेले. तिच्या हातात दिल्या न्हाईत.

बजरंग : हे मला न्हाई ठावं.

कस्तुराबाई : तुला कसं ठावं असंल? तू बाशिंग बांधून हुतास. तुझा संसार चांगला चाललाय. दोन लेकरं हायेत. काय वाकडं झालं का तुझं?

बजरंग : न्हाई बा. तुझ्या सुनंनं कवातरी भांडण काढलं तर तेवढंच.

विठाबाई : आक्का, तुमी मनाला लावून घेऊ नगा. म्या आपलं सहज बोलले. मला वाद घालायचा न्हाई. उद्या ठकूच्या घरी काय उणं-अधिक झालं, पोर आजारी पडलं, म्हैस आटली, तरी सरुबाई म्हणंल, आईनं हात लावला हुता. ठकूला जल्मभर ते ऐकावं लागंल. मला ते सोसायचं न्हाई. म्हणून मी आजपातुर एक शबुद बोलले का?

कस्तुराबाई : न्हाई बोललीस. तेच तर. बोलली असतीस तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. कोपऱ्यात ते फडक्यात काय बांधून ठेवलंयस?

विठाबाई : काय न्हाई.

कस्तुराबाई : काल रातीपासनं बघतीया. ओला डाग पडलाय खाली जमिनीला.

विठाबाई : गहू हायेत.

कस्तुराबाई : ओलवलेले?

विठाबाई : व्हय.

कस्तुराबाई : कुणासाठी?

विठाबाई : कुणासाठी न्हाई. वैशाख लागला की हात राहत न्हाई माझा. गेलं साल सुतकात गेलं, औंदा म्हणलं ओलवून तर ठेवू. दळू, सपीठ काढू, पुऱ्यांना व्हईल. शेवया करायच्याच असं काय न्हाई.

बजरंग : पुऱ्यांना कुणी गहू ओलवून फडक्यात बांधत न्हाई, काकी. एवढं मला बी कळतं.

विठाबाई : खोटं कशाला बोलू? लेक हाय माझी ती. जल्मली तवाच म्या मनात धरलं हुतं, हिच्या लग्नातल्या शेवया अशा करीन की मुलखात कुणी केल्या नसतील. धनी गेले तेचं दुःख हायच, ते सांगत न्हाई. पर कवाकवा वाटतं, तेंच्या माघारी माझं हात बी गेलं. हायेत जागच्या जागी, अन् कामाचं न्हाईत.

कस्तुराबाई : विठे.

विठाबाई : ऱ्हाऊ द्या. डबे आलेत ते चांगले हायेत. मी शिजवून दीन, तुमी वाढा. आधणात टाकायला तर माझा हात चालंल ना? का ते बी सुनंला सांगू?

कस्तुराबाई : आज जर ते गहू दळले न्हाईत तर काय व्हईल?

विठाबाई : आंबतील. वास मारायला लागतील.

कस्तुराबाई : मग बसलीस काय? जात्याला खुंटा ठोक. बजरंगा, माळ्यावर चढ अन् शेवयाचा पाट खाली काढ. धुवायला लागंल, जळमटं बसली असतील.

बजरंग : माळ्यावर न्हाई तो.

कस्तुराबाई : न्हाई? मग गेला कुटं?

बजरंग : मागच्या भिताडाला उभा हाय. धुतलेला हाय. म्या येताना बघितला, अजून ओला हुता. म्हणलं, तूच काढायला सांगितला असशील.

कस्तुराबाई : म्या कुणालाच सांगितला न्हाई. विठे, तू काढलास?

विठाबाई : माझ्यानं उचलतोय का तो एकटीनं? ठकू सकाळपासनं मागं काहीतरी घासत हुती. मला वाटलं, भांडी घासतीया.

कस्तुराबाई : लग्नाची पोर, हळद लागायची हाय अजून, अन् माळ्यावर चढून पाट खाली काढला एकटीनं. पडली असती म्हंजे? येऊ दे पाण्यासनं, बघते तिच्याकडं.

बजरंग : बघ, बघ. अन् सरुबाई आत्याला काय सांगणार हायेस?

कस्तुराबाई : पयल्या पाच शेवया मी ओढीन. मुहूर्ताच्या सवाशिणीनं ओढायच्या, तेवढी रीत मी पाळीन, मला भ्या वाटतं बाबा, खोटं कशाला बोलू? माझ्या त्या सुतळ्या सरुबाईच्या पानात वाढा. तिला सवाशिणीच्या हातची पायजे ना, मग चावत बस म्हणावं. त्याच्या म्होरल्या हिच्या.

विठाबाई : वळखतील, आक्का. मुरड दिसंल.

कस्तुराबाई : वळखू देत. कुणी इचारलं तर मी सांगीन, ठकूच्या आईच्या हातच्या हायेत. सुपारीच्या दिशी सांगितलं हुतं तेच. अन् ठकूच्या घरी काय झालं तर माझ्याकडं या म्हणून सांगीन. मी पाटाला कुंकू लावलं, मी हिला बसवली. बोट दाखवायचं तर मला दाखवा. माझ्या कपाळाला कुंकू हाय तवर माझ्याशी कोण भांडतंय बघू.

बजरंग : आता कशी माझी आये बोलली.

कस्तुराबाई : तू गप. जात्यापाशी बस जा. काकीला एकटीला ओढवणार न्हाई. विठे, पाटावर तू बसलीस तर काठी कोण धरणार? माझी सून नवखी हाय, तिच्या हातनं तुटतील.

विठाबाई : तुमीच धरायची की. पयल्यापासनं मी पाटावर अन् तुमी काठीला.

कस्तुराबाई : गुडघं दुखत्यात आता. पर धरीन. हळू ओढ म्हंजे झालं. तुझा हात लय पळतो.

विठाबाई : हळू ओढीन.

बजरंग : मग ह्या डब्यांचं काय करू? म्होरल्या खेपंला लोणावळ्याला नेऊन परत देऊ?

कस्तुराबाई : कुंकू लागलेले डबे कोण घेईल परत? ओल्या फडक्यानं पुसून बघ जातंय का. उगाच त्या बिचारीच्या कपाळाला लावून बसले. तिची रीत काय, तिचा धनी हाय का न्हाई, काय ठावं मला?

विठाबाई : पुसू नगा, आक्का. असू द्या. तिची बी एखादी लेक असंल लग्नाची.